दादर टीटी, आजी आणि न. पै.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. वर मथळा: 'दुर्मिळ फोटो. १८७० मधील व्हीटी स्टेशन. पुढे पाठवा.' पाठवणारे अर्थातच आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते. पाच मिनिटांत चौदा जणांचे हात जोडून झाले. मी नुकताच उठलो होतो, चहा व्हायचा होता, आणि अशा वेळी माणसाने गप्प बसावं हे मला अजून जमलेलं नाही.

फोटो झूम करून बघितला. आता बघा. व्हीटीच्या इमारतीचं काम सुरूच झालं १८७८ साली, आणि संपायला दहा वर्षं लागली. म्हणजे १८७० गेलं. समोर महापालिकेची इमारत दिसत होती, ती १८९३ ची. रस्त्यावर ट्राम होती आणि ट्रामच्या वर तार होती. मुंबईत ट्राम १८७४ सालीच आली होती हे खरं, पण ती घोड्यांची. घोड्याला वरून करंट लागत नाही. विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. आणि कोपऱ्यात, अगदी कडेला, चक्क एक मोटरबस! मुंबईतली पहिली बस १५ जुलै १९२६ ची. म्हणजे तात्यांचा फोटो किमान छप्पन्न वर्षांनी चुकला होता.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. शांतता. मग तात्यांचं उत्तर आलं, "एवढी अक्कल आहे तर घरातल्या फोटोचं सांग की."

घरातला फोटो म्हणजे काय ते सांगायला हवं. त्यासाठी आधी घर.

आमचं घर मलकापूरला, कराडच्या शेजारचं. (बुलढाण्याचं नाही, आणि शाहूवाडीचंही नाही. कॉलेजमध्ये प्रत्येकाला हे सांगून मी दमलो होतो.) इकडे कराड, लागूनच मलकापूर, आणि मधून पुणे-बंगलोर हायवे. आमच्या भागातून त्या काळी घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत. माझे आजोबाही त्यातलेच. लालबागला एका गाळ्यात वीस-बावीस गाववाल्यांबरोबर राहायचे, खाणावळीत जेवायचे, पाळीप्रमाणे झोपायचे. बायका-पोरं गावाकडे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बरेचसे परत आत गेलेच नाहीत. आजोबाही ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे.

त्या पत्र्याच्या ट्रंकेत एक फोटो आहे. पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा, एक कोपरा फाटलेला, मागे कोरा. आजोबा उभे आहेत, पांढरा शर्ट आणि लेंगा. शेजारी आजी, नऊवारी, डोक्यावरून पदर, चेहरा गंभीर. त्यांच्या मागे रस्ता, एक ट्राम, एक खांब, गोलसर वळलेल्या इमारतीचा तुकडा.

आजी पहिल्यापासून सांगते की लग्नानंतर ती आठ महिने मुंबईला राहिली होती आणि हा फोटो तेव्हाचा. आणि घरात कुणीही पहिल्यापासून हे मानत नाही. तात्यांचं म्हणणं, हा जत्रेतला फोटो. त्या काळी जत्रेत फोटोवाले रंगवलेला पडदा लावायचे. त्यावर मोटार, विमान, ताजमहाल, काय वाटेल ते. लोक पुढे उभे राहायचे आणि मुंबई बघून आल्यासारखे परत जायचे. "आई काय मुंबईला राहतीय? एकटीनं कराडच्या बाजाराला गेली नाही कधी." पप्पा यावर काही बोलत नाहीत, पण त्यांचंही मत तेच. आजी आता ऐंशीच्या आसपास आहे. अलीकडे ती हा विषय काढत नाही. काढला की सगळे हसतात ना.

मीही हसलो आहे. ते आधीच कबूल करतो.

तर त्या रविवारी मी पप्पांना सांगितलं की फोटो कराडला नेऊन चांगल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करून मेल करा. व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, ते फोटो दाबून पाठवतं. संध्याकाळी फाइल आली आणि माझा पुढचा आठवडा त्यात गेला. (स्प्रिंट चालू होता. त्याबद्दल न बोललेलं बरं.)

जुन्या फोटोचा काळ ठरवणं हे आपल्या कामापेक्षा फार वेगळं नाही. बग कुठल्या बिल्डमध्ये शिरला हे शोधताना आपण काय करतो? एक असं टोक धरतो जिथे तो नक्की नव्हता, एक असं जिथे नक्की आहे, आणि मधलं अंतर अर्धं-अर्धं करत जातो. फोटोचंही तसंच. जे दिसतंय ते कधी आलं, यावरून खालची मर्यादा. जे दिसतंय ते कधी गेलं, यावरून वरची. दोन्ही भिंती जितक्या जवळ आणता येतील तितक्या आणायच्या.

गंमत म्हणजे यात मोठ्या, देखण्या इमारती फारशा कामाला येत नाहीत. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि अजून उभा आहे. तो फोटोत दिसला तर एवढंच कळतं की फोटो १८७८ नंतरचा. त्यानंतरची जवळजवळ दीडशे वर्षं मोकळी! उलट ज्या वस्तूंकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्या अचूक बोलतात. तारा, रूळ, दिव्याचे खांब, पाट्या, दुकानावरचे भाव. कारण त्या येतात आणि जातात, आणि बहुतेक वेळा त्यांच्या येण्या-जाण्याची तारीख कुठल्यातरी कंपनीच्या नाहीतर सरकारच्या दप्तरात असते. काळा घोडा हे याचं चांगलं उदाहरण. प्रिन्स ऑफ वेल्सचा म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झाला त्याचा तो पुतळा १८७९ ला बसवला, १९६५ ला हलवला, आणि तो आता राणीच्या बागेत आहे. चौकात घोडा आणि त्यावर स्वार दिसला की फोटो या दोन वर्षांच्या मधला. (नुसताच घोडा दिसला, स्वाराशिवाय, तर तो २०१७ मध्ये बसवलेला नवा. फसू नका.)

फोटो काढण्याची पद्धतही काही सांगते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, म्हणजे पहिली आगगाडी ठाण्याला गेली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला माहीत असतात, पण त्यांचे भाऊ नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर होते हे मला आत्ता कळलं. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत स्वतःचा फोटोचा व्यवसायच मांडला होता. तेव्हाच्या ओल्या काचेवरच्या फोटोला प्रकाश घ्यायला काही सेकंद लागायचे. त्यामुळे रस्त्यावरून चालणारी माणसं उमटतच नाहीत, किंवा भुतासारखी पुसट दिसतात. 'त्या काळची शांत, रिकामी मुंबई' म्हणून जे फोटो फिरतात, त्यातले काही रस्ते बहुधा गर्दीने भरलेले होते. गर्दी हलत होती, एवढंच. शिवाय काच उलटी ठेवून छापली की डावं-उजवं बदलतं. पाटी असेल तर लगेच कळतं, नाहीतर शर्टाचा खिसा बघायचा. खिसा उजव्या छातीवर आला की समजावं, फोटो उलटा आहे.

आमच्याकडच्या भागातही असे साक्षीदार बरेच आहेत. पुणे-मिरज लोहमार्ग १९७० च्या आसपासपर्यंत मीटर गेज होता. दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. ब्रॉड गेजमध्ये ते १,६७६ मिलिमीटर. आणि मिरजेहून पंढरपूरमार्गे कुर्डुवाडीला जाणारी बार्शी लाइट रेल्वे, ती नॅरो गेज, फक्त ७६२. मिरज स्टेशनात एकेकाळी तिन्ही गेज एकत्र नांदत होते. रुळांशेजारी माणूस उभा असेल तर त्याच्या उंचीशी प्रमाण लावून गेज काढता येतो आणि गेजवरून काळ. स्टेशनच्या फलकावर 'कुंडल रोड' दिसलं तर ते आजचं किर्लोस्करवाडी. कुणाच्या वाड्याच्या सोप्यात कंदील टांगलेला असेल तर तो कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आहे का ते बघावं. तो कारखानाही आता इतिहासजमा. त्यातला कंदील मात्र कुणाच्यातरी बारशाच्या फोटोत मागे लटकलेला सापडतो.

असो. फारच फिरून आलो. आजीच्या फोटोकडे वळू.

पहिला प्रश्न, पडदा की खरा रस्ता? हा सगळ्यात सोपा निघाला, आणि साठ वर्षं कुणी नीट बघितलं नाही याचंच नवल वाटलं. फोटोत ट्रामचा पुढचा भाग किंचित फरफटल्यासारखा दिसतो. तिच्या मागची इमारत मात्र स्पष्ट आहे. म्हणजे ट्राम चालत होती. रंगवलेली ट्राम हलत नाही. दुसरं, आजोबांची सावली आणि मागच्या खांबाची सावली, दोन्ही एकाच बाजूला, एकाच कलाने पडल्या आहेत. जत्रेतल्या पडद्यावर हे जुळवायला पेंटर फार हुशार लागेल.

दुसरा प्रश्न, कधी? ट्राम चालती आहे आणि वर तार आहे, म्हणून १९०७ ते १९६४. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते म्हणे. ही झाली वरची भिंत, आणि ती एकदम पक्की. एक तारीख, एक रात्र.

खालची भिंत आणायला दोन गोष्टी सापडल्या. आजीच्या खांद्यामागे एका हॉटेलची पाटी अर्धवट दिसते. काय विकत होते आणि कितीला, ते वाचता येत नाही. पण आकड्यापुढची दोन अक्षरं मोठी केल्यावर स्वच्छ दिसली: न. पै.

नये पैसे! १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून नव्याला 'नया पैसा' म्हणायचे. लोकांना सवय झाल्यावर १ जून १९६४ पासून त्यातला 'नया' काढून टाकला. म्हणजे 'न. पै.' ही दोन अक्षरं फक्त सात वर्षांची. ती कुणी हौसेने लिहिली नव्हती, हॉटेलवाल्याने भाव लिहिला होता. तरी साठ वर्षांनी ती माझ्यासाठी शिक्क्यासारखी उपयोगी पडली.

दुसरं म्हणजे खांबाच्या मागे भिंतीवर सिनेमाचं पोस्टर. अर्धं फाटलेलं. त्यावर '...च्या पाठी...' एवढंच उरलंय. राजा परांजप्यांचा 'जगाच्या पाठीवर', १९६०. मात्र पोस्टरच्या बाबतीत सावध राहायला लागतं. ते खालची मर्यादा देतं, वरची कधीच नाही. सिनेमे परत परत लागतात, आणि भिंतीवरचे कागद पावसाशिवाय कुणी काढत नाही.

तर १९६० ते मार्च १९६४. चार वर्षं. इथे माझ्याकडची साधनं संपली. घरातली कागदपत्रं काहीच कामाची नाहीत. आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद नाही. आत्या सगळ्यात मोठी, तिची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून. पप्पांची १ जून. तात्यांची १ जून. आमच्या घरात सगळे शाळा उघडायच्या मुहूर्तावर जन्मले आहेत :-)

शेवटी मी आजीला फोन लावला. काय शोधतोय ते सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "आजी, तुझं लग्न कधी झालं गं?"

"आता साल कुठलं ठावं मला? पानशेत फुटलं न्हवं का पुण्याचं? त्याच्या आदूगर दोन म्हैने. वैशाखात."

पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. मी वहीत लिहिलं.

"आणि मुंबईला कधी गेलीस?"

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "का? हसायला?"

मी म्हटलं, नाही गं, खरंच विचारतोय.

"दुसऱ्या वर्साच्या दिवाळीला. मग तुझ्या आत्याच्या येळंला आले म्हागारी, बाळंतपणाला. तुझा बाप त्याच्या नंतर. कोयनंचा भूकंप झाला तवा त्यो मांडीवर व्हता, त्याला घिऊन पळाले मी अंगणात."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. पप्पा तेव्हा दीड वर्षाचे. सगळं जुळत होतं. दिवाळी १९६२ ला गेली, आठ महिने म्हणजे १९६३ च्या उन्हाळ्यापर्यंत. ट्राम तेव्हा धावत होती. न. पै. होते. पोस्टर दोन-तीन वर्षांचं जुनं, म्हणूनच तर फाटलेलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी आठवडाभर जी 'मेथड' वापरून स्वतःवर खूश होतो, ती आजी आयुष्यभर वापरत आली आहे. तिला साल माहीत नाही. पण पानशेतच्या आधी की नंतर, भूकंपाच्या आधी की नंतर, हे पक्कं माहीत आहे. तिच्याकडेही दोन भिंती आहेत आणि मधली जागा. फरक इतकाच की मी पाटी झूम करून वाचली म्हणून सगळ्यांनी माझं ऐकलं असतं, आणि तिने तोंडाने सांगितलं म्हणून साठ वर्षं कुणी ऐकलं नाही.

राहिला तिसरा प्रश्न, कुठे? त्यासाठी पुढच्या शनिवारी सकाळची शिवनेरी पकडली. कंडक्टरने विचारलं, "दादर का?" मी म्हटलं, "दादर टीटी." आणि बोलता बोलता स्वतःच थबकलो. टीटी म्हणजे काय, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो ट्राम टर्मिनस. पूर्वी बसच्या पाट्यांवर दादरच्या एका बाजूला 'बीबी' लिहायचे, म्हणजे बॉम्बे बडोदा रेल्वेची बाजू, आणि पूर्वेला 'टीटी'. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, तिचं शेवटचं स्टेशन अजून रोज हजारो लोकांच्या तोंडात आहे.

वस्तू जाते, नाव राहतं. चर्चगेटला गेट नाही. मुंबईच्या किल्ल्याच्या तटाचा तो दरवाजा १८६० च्या दशकात तटाबरोबरच पाडला, स्टेशन आलं ते १८७० मध्ये. लकडी पुलात लाकूड नाही. खंडाळ्याचा अमृतांजन पूल १८३० चा, ५ एप्रिल २०२० ला लॉकडाऊनमध्ये स्फोटकं लावून पाडला, तरी आपण अजून 'अमृतांजनपाशी ट्रॅफिक आहे' असंच म्हणतो. मुळात ते नावही तिथल्या बामच्या जाहिरातीवरून पडलेलं!

दादर टीटीला उतरून खोदादाद सर्कलपाशी उभा राहिलो. चौकाभोवती गोल वळणाऱ्या इमारती बघून छातीत धस्स झालं, कारण फोटोतला तो वळलेला तुकडा तसाच होता. पण नक्की कुठून काढला हे शोधायचं तर एक युक्ती करावी लागते. फोटोत एकामागे एक आलेल्या दोन गोष्टी निवडायच्या, जवळची एक आणि लांबची एक. प्रत्यक्षात त्या तशाच एका रेषेत दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरकत राहायचं. ती झाली एक रेषा. अशा दोन रेषा जिथे छेदतात, तिथे कॅमेरा होता. शाळेतली भूमिती.

अडचण अशी की मधे फ्लायओव्हर आहे. माझ्या रेषा सारख्या त्याच्या खांबांवर आपटत होत्या. खालून वाकून, पलीकडे जाऊन, परत येऊन तासभर गेला. गाडीवाले शिव्या देत होते, एका ट्रॅफिक हवालदाराने "काय हरवलंय का?" असंही विचारलं. शेवटी एक रेषा नीट जुळली, दुसरी साधारण. पूर्वेकडच्या फुटपाथवर चार-पाच पावलांच्या अंतरात कुठेतरी. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. मी त्याच्या शेजारी दोन मिनिटं उभा राहिलो. इथेच एक अठरा वर्षांची मुलगी घाबरून, पदर सावरत उभी होती आणि शेजारी तिचा नवरा, बहुतेक रात्रपाळी करून आलेला.

त्या आठवड्यात गावी गेलो. जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून सगळ्यांना एकेक गोष्ट दाखवली. ट्रामची फरफट, सावल्या, न. पै., पोस्टर, आणि शेवटी मी दादरला काढलेला फोटो शेजारी ठेवून. तात्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "मग आईनं हे आधी का नाही सांगितलं?"

यावर आजी जी हसली! "आरं, मी दुसरं काय सांगत हुते एवढी वर्सं? ह्यो काय पडदा हाय? त्या ट्रामंत बसलीया मी. डायवर पायानं घंटी वाजवायचा, टण टण करून. तुझा आजा म्हणाला, चल, एक फोटो काढू, परत कवा यायचं व्हतंय."

मग ती बोलतच राहिली. लालबागला एका गाववाल्याच्या खोलीत अर्ध्या भागात साडीचा पडदा लावून राहिले होते. पाण्याला पहाटे चारला नंबर. गिरणीचा भोंगा झाला की डबा तयार पाहिजे. यातलं एकही फोटोत नाही. फोटो खरा ठरल्यावर मात्र तिला ते सांगायला जागा मिळाली. पप्पा तिच्याकडे असे बघत होते की जणू दुसरीच कुणी बाई समोर बसली आहे.

ही गोष्ट इथे संपवली असती तर मी हुशार नातू ठरलो असतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चालत हायवेपर्यंत गेलो. आमच्या ढेबेवाडी फाट्यावर एक उड्डाणपूल होता, आणि पुढे कराडच्या कोल्हापूर नाक्यावर दुसरा. हायवे सहापदरी करायचा म्हणून २०२३ मध्ये ते पाडले आणि त्यांच्या जागी एकाच ओळीतल्या खांबांवरचा लांबलचक पूल बांधायला घेतला. जुन्या पुलाखाली मी शाळेपासून उभा राहिलोय. पावसात एसटीची वाट बघत, बारावीच्या निकालाच्या दिवशी, इंजिनीअरिंगला जाताना बॅगा घेऊन. पुण्याहून रात्री येताना तो पूल दिसला की बूट घालायला लागायचं, हे ठरलेलं. माझ्या आयुष्यातली दादर टीटी ती.

घरी येऊन फोनमध्ये शोधलं. माझ्याकडे एकोणीस हजार फोटो आहेत. बिर्याणीचे आहेत, ऑफिसच्या व्हाइटबोर्डचे आहेत, गोव्याच्या एकाच सूर्यास्ताचे चाळीस आहेत. पुलाचा एकही नाही. आमचं गाव चोवीस तास नळाला पाणी म्हणून राज्यभर गाजलं, पण त्याआधी आई ज्या रांगेत उभी राहायची, त्या रांगेचा फोटोही नाही. कोण काढतो हो नळाचा फोटो!

शेवटी एक सापडला. मित्राने नवी बाइक घेतली होती तेव्हाचा. तो बाइकवर, हार घातलेला, दात काढून हसतोय, आणि मागे पुलाचा एक खांब. खांबावर कुठल्यातरी क्लासचं पोस्टर. म्हणजे आजीच्या फोटोसारखंच. ट्रामचा फोटो काढायला तेव्हाही कुणी गेलं नव्हतं. बायकोचा काढला, ट्राम मागे आली.

म्हणून एवढंच सुचवतो. या शनिवार-रविवारी घरी गेलात तर ट्रंक, कपाट, अल्बम उघडा. फोटोमागे पेन्सिलने लिहा, बॉलपेनने नको, शाई पुढे उमटते. कोण, कुठे, कधी. 'कधी' माहीत नसेल तर कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, ते लिहा. फोनवरचे महत्त्वाचे फोटो व्हॉट्सअॅपवरून गोळा करू नका, त्यात तारीख आणि जागेची माहिती पुसली जाते, मूळ फाइल मागून घ्या. आपल्या फाट्याचा, स्टँडचा, टपरीचा, विजेच्या खांबाचा एखादा कंटाळवाणा फोटो काढून ठेवा. पाटी वाचता येईल असा. भाव लिहिलेला असेल तर उत्तम.

आणि घरात कुणी म्हातारं माणूस एखादी गोष्ट परत परत सांगत असेल, तर फोटो मिळायची वाट न बघता एकदा नीट ऐकून घ्या. मी आजीचं आता रेकॉर्ड करायला घेतलंय. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "कुठनं सुरू करू?"

मी म्हटलं, "पानशेतच्या आधीपासून."